नि सा ग

"तार तुटली का काय रे?" आईनं आतून विचारलं.

मी बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसलो होतो. तार तुटलेली नव्हती. सहाच्या सहा जागेवर होत्या, नुकत्याच बदललेल्या, बोटांना अजून त्यांचा तो लोखंडी वास येत होता. पण बराच वेळ मी तीनच सूर वाजवत होतो, आणि स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलेल्या आईचा समज झाला की बाकीचं वाजवायची सोयच उरलेली नाही. एरवी ती माझ्या वाजवण्यावर काही बोलत नाही. चुकतमाकत का होईना, एखाद्या ओळखीच्या गाण्याचा मुखडा निघतो, तेवढ्यावर तिचं भागतं. त्या दिवशी मात्र तिच्या आवाजात खरोखरीची काळजी होती, आणि तीच मला लागली. टोमणा असता तर हसून सोडून दिला असता. "नाही गं, रियाज चाललाय," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, शेंगा सोलता सोलताच, "बाकीचं कधी वाजवणार?"

हा उद्योग आमच्या सरांचा. सर वसईचे, सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी लग्नाच्या बँडपासून रेकॉर्डिंग स्टुडिओपर्यंत सगळीकडे वाजवून आलेले. पन्नाशीत गिटार शिकायला आलेल्या माणसाकडे ते ज्या नजरेनं बघतात, तीत कुतूहल किती आणि दया किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुरुवातीला त्यांनी मला मनसोक्त वाजवू दिलं. मीही पेंटाटोनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या मालिकेचा, तो पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी) बॉक्स, जो गिटार हातात धरणारा प्रत्येक जण कधी ना कधी शिकतोच, वरून खाली आणि खालून वर असा पळवून दाखवला. मध्ये मध्ये पाठ केलेल्या दोन-चार लिक्स, म्हणजे तयार सुरावटी, पेरल्या. सर चहा पीत ऐकत होते. कप ठेवून उठले, खडू आणला आणि माझ्या गिटारच्या फिंगरबोर्डवर तीन ठिपके काढले: दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला एक, पहिल्या तारेवर पाचव्याला एक आणि आठव्याला एक. इंग्रजी नावांनी जी, ए आणि सी. "एवढ्यातच राहायचं. ठिपके पुसले गेले की परत काढायचे." किती दिवस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. चहा मात्र त्यांनी मलाही दिला.

ए हा सा धरला तर हे झालं कोमल निषाद, षड्ज, कोमल गंधार. नि सा ग. खाली वाजायला एक बॅकिंग ट्रॅक, संथ, मिनिटाला सत्तर ठोक्यांचा. ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी चार ठोके, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे जुडगे, इतक्या गाण्यांत वापरून झालेत की ते सुरू झाले की शेजारच्या मजल्यावरचा मुलगाही गॅलरीत उभा राहून काहीतरी गुणगुणायला लागतो. या चौघांच्या वर, तीन सुरांत, काहीही वाजव. इम्प्रोव्हायझेशन. म्हणजे ऐन वेळी सुचेल ते.

पहिल्या मिनिटातच सगळं सुचून संपतं.

हे गणितानंही सिद्ध होतं. तीन सुरांची उलटापालट करायची म्हटली तर सहा प्रकार होतात, बस. नि सा ग, नि ग सा, सा नि ग, सा ग नि, ग नि सा, ग सा नि. आपल्याकडे याचं शास्त्रच आहे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकरा'त सुरांच्या अशा प्रस्ताराची मांडणी करून ठेवली. चार सुरांचे 24, पाचांचे 120, सातांचे 5040. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या मेरुखंडी गायकीचं मूळ या हिशेबात. त्यांच्या अतिविलंबित ख्यालात सूर असे एकेक पुढे येतात, मागे जातात, जागा बदलतात की ऐकणाऱ्याला मोजदाद आठवतच नाही. मला मात्र माझ्या सहाच्या सहा तोंडपाठ झाल्या होत्या, आणि ट्रॅकचा दुसरा फेरा अजून संपायचा होता. पुढचं सगळं वाजवणं म्हणजे पुनरावृत्ती. बोटं आपसूक चौथ्या सुराकडे सरकायची, कारण तिथे निदान काहीतरी नवीन घडल्यासारखं वाटतं. खडूचा ठिपका नसलेल्या जागी बोट पडलं की मलाच दचकायला व्हायचं.

कंटाळा आला. तो मी इथे लपवत नाही, कारण अशा रियाजाबद्दल लिहिणारे लोक बहुतेक वेळा थेट साक्षात्कारापाशी उडी मारतात आणि मधला कंटाळा गाळून टाकतात. खरा कंटाळा, घड्याळाकडे बघायला लावणारा, फोन उचलायला लावणारा. गिटारची मान हातात आणि डोक्यात उद्या भरायचं वीजबिल. त्यातल्या एका संध्याकाळी आमच्याकडची वीज गेली. ट्रॅक बंद, अँप बंद. इलेक्ट्रिक गिटारची बिनविजेची तार फार बारीक बोलते, म्हणून मी गिटारच्या काठाला कान टेकवून वाजवायला लागलो. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की माझा सा दर वेळी वेगळा येतो. पिक तारेवर सपाट पडलं की बोदा, तिरकं पडलं की किरकिरा. ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिथे, छेडला की बारीक आणि कडक, मानेजवळ छेडला की गोलसर. बोट फ्रेटच्या मागे अगदी लागून असेल तर स्वच्छ, आणखी मागे सरकलं की तार झणझणते. आणि सोडताना बोट उचललं की सूर तुटतो, नुसतं सैल केलं की विझतो. इतके दिवस मी सूर सुरू कसा होतो एवढंच बघत होतो. तो संपवायचाही असतो, आणि ते काम डाव्या हाताचं असतं, ही गोष्ट कुणी कधी सांगितली असेलच. माझ्या कानावरून गेली होती.

कॉलेजच्या दिवसांत आमच्या कट्ट्यावर वेग ही एकच मोजपट्टी होती. नव्वदीची सुरुवात, कुणाच्या तरी भावानं आखातातून आणलेल्या कॅसेटी, त्यांच्यावरून केलेल्या कॅसेटी, आणि त्यावरून पुन्हा केलेल्या, ज्यांत ड्रमपेक्षा खरखर जास्त. त्यातले सोलो आम्ही रिवाइंड करकरून ऐकायचो. कोण किती सूर एका श्वासात कोंबतो यावर भांडणं व्हायची. आमच्यातला एक जण खरंच वाजवायचा. त्याची बोटं दिसायची नाहीत. तो पुढे बँकेत लागला. मी त्याच्या मानानं मठ्ठ होतो, पण कानाला चटक तीच लागली होती. घरी मात्र रेडिओवर दुपारी गिटारवर सिनेमाची गाणी लागायची, एस. हजारा सिंग, व्हॅन शिप्ले. हवाइयन गिटार, मांडीवर आडवी, तारेवर घसरणारी स्टीलची कांडी. आई तेव्हा धान्य निवडत असायची आणि हमखास आवाज मोठा करायला सांगायची. मला ते फार मिळमिळीत वाटायचं. एकेक सूर काय धरून बसायचा! आता ऐकतो तेव्हा कळतं की तो माणूस शब्द वाजवत होता. जिथे गायिका श्वास घेते तिथे तो थांबत होता.

श्वासावरून सरांचा एक नेम आहे. वाजवताना तोंडानं तेच गुणगुणायचं, आणि दम संपला की हात थांबवायचा. मध्येच चोरून श्वास घेऊन पुढे दामटायचं नाही. गिटारवाल्याला फुंकर मारायची नसते, त्यामुळे त्याला थांबायची सक्तीच नसते. बासरीवाल्याचं वाक्य कुठेतरी संपतंच. आमचं, कुणी टोकलं नाही तर, संध्याकाळपर्यंत चालतं. हा नेम लावल्यावर माझ्या वाजवण्यात भोकं पडायला लागली. दोन ठोक्यांची, कधी पूर्ण कॉर्डभर. सुरुवातीला त्या भोकांत मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. खाली ट्रॅक चाललाय, आपण गप्प आहोत, काहीतरी करायला हवं होतं. मग हळूहळू त्या रिकाम्या जागेत मला खालचा ट्रॅक ऐकू यायला लागला.

आणि तिथे खरी गंमत निघाली.

आमचे कान तानपुऱ्यावर वाढलेले. मी काही गाणं शिकलेला नाही, पण सातारा-सांगलीच्या बाजूला लहानपण गेलं की मिरज टाळता येत नाही. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, त्यांना मिरजेच्या दर्ग्यातच पुरलंय, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात दरवर्षी गाणं होतं. मामा मला तिथे घेऊन जायचा. गाणारा बुजुर्ग षड्जापाशी बसला की बसला. खालचा निषाद घेऊन परत सा. गंधाराला नुसता हात लावून परत सा. मी मामाच्या मांडीवर पेंगायचो, जाग आली तरी तो अजून तिथेच. पण तेव्हा जे कानात बसलं ते बसलं: सा हलत नाही. मिरजेच्याच कुणा कारागिरानं लावलेल्या तानपुऱ्याच्या जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या त्या गुंजनातून, तो अखंड झरत असतो, आणि बाकी सगळे सूर त्याच्यापासून किती लांब यावर आपापली ओळख सांगतात. गंधार म्हणजे गंधार. रात्रभर गायलं तरी तो गंधारच.

कॉर्डच्या जगात असं काही नसतं. ए मायनर चालू आहे तोवर माझा ए हा सा, ठीक. चार ठोके जातात, एफ येतो. बोट होतं तिथेच, तार तीच, सेकंदाला 440 कंपनं ठरलेली, पण कानाला तो एकाएकी शुद्ध गंधार लागतो, गोड, थोडा लाडीकसुद्धा. पुढे सी आला की तोच धैवत. जी आला की ऋषभ, कुठेतरी निघाल्यासारखा. लोकलच्या दारात आपण एकाच दांडीला धरून उभे असतो आणि मुंब्र्याचं दिवा, दिव्याचं डोंबिवली होत जातं, तसं. वरचा सी तर आणखी नाटकी. ए मायनरवर तो कोमल गंधार, हळवा. एफवर पंचम, भरभक्कम. सीवर स्वतःच षड्ज, घरी आलेला. आणि जीवर मध्यम, पण जीच्या कॉर्डच्या पोटात बी असतो, त्याच्याशी हा अर्ध्या सुराच्या अंतरावर घासतो आणि टोचतो. तिथे जास्त वेळ थांबलं की ऐकणारा खुर्चीत सरकतो. तिथून जीवर उतरलं की हुश्श होतं. म्हणजे माझ्याकडे सूर तीनच, पण प्रत्येकाला चार चेहरे. त्यांतला कुठला चेहरा केव्हा समोर येणार हे मी ठरवत नाही, खाली चाललेला ट्रॅक ठरवतो. मी फक्त ठरवतो की त्या वेळी तिथे हजर राहायचं की नाही.

यावर सरांनी दिलेला अभ्यास असा की एकच सूर लावायचा आणि चारही कॉर्ड त्याच्याखालून जाऊ द्यायचे. काही करायचं नाही. सूर विझला की पुन्हा तोच. वाचायला हे सोपं वाटतं. करताना हात शिवशिवतात. एफचा गोडवा आला की तिथे एक नक्षी काढावीशी वाटते, जीचा काटा आला की पळावंसं वाटतं. न पळता तो काटा चार ठोके ऐकला की पुढच्या ए मायनरवर तोच सी इतका मऊ होऊन भेटतो की तेवढ्यासाठी मी आता मुद्दाम थांबतो. घरच्यांना हे अर्थातच एकाच सुराचं ठणठण वाटतं. त्यांचंही बरोबर आहे.

थोड्या सुरांचा विषय निघाला की गिटारवाल्यांच्या तोंडी एक नाव येणारच, बी. बी. किंग. 1925 साली मिसिसिपीत जन्मलेला, 2015 साली गेलेला. त्याचा आवडता इलाखा दुसऱ्या तारेवरच्या सा भोवतीच्या पाच-सहा जागांचा. जगभरचे विद्यार्थी त्या जागेला बी. बी. बॉक्स म्हणतात. कॉर्ड वाजवणं आपल्याला जमत नाही हे तो स्वतःच खुशाल सांगायचा. त्याच्या आईच्या नात्यातले बुका व्हाइट काचेची-लोखंडाची नळी तारेवर घसरवून वाजवायचे. बी. बी.च्या बोटांना ते साधेना, म्हणून त्यानं सूर धरून डावा हात थरथरवायला सुरुवात केली आणि त्या थरथरीतून त्याचा सूर तयार झाला. एक सूर ऐकला तरी माणूस ओळखू येतो. हजारा सिंगांची कांडी आणि ही नळी एकाच प्रकारचं काम करतात, फ्रेटच्या मधल्या जागा बोलत्या करण्याचं, आणि ज्या पोराला मांडीवरची गिटार मिळमिळीत वाटायची त्यालाच पन्नाशीत बी. बी.चा हात थरथरलेला ऐकून गलबलून येतं, याला काय म्हणावं?

पण त्याच्या रेकॉर्ड ऐकताना एक गोष्ट विसरली जाते. मागे अख्खा बँड असतो. सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो, ड्रम. गिटारची ओळ संपली की त्याचा स्वतःचा आवाज येतो, आवाज थांबला की गिटार. त्याचे थोडे सूर कधीच एकटे नसतात. 'कमी म्हणजेच जास्त' हे वाक्य आजकाल कपाट आवरण्यापासून कविता लिहिण्यापर्यंत सगळीकडे ऐकवतात, आणि मला ते दिवसेंदिवस पटेनासं झालंय. कमी म्हणजे कमीच. ते पुरतं, कारण खाली काहीतरी चाललेलं असतं. शाहिराच्या मागे उभा असलेला तुणतुणेवाला रात्रभर एकाच तारेवर एकच सूर तुणतुण करत असतो, त्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, बाकीचं कधी वाजवणार. पोवाडा अंगावर येतो त्यात त्या एका सुराचा वाटा असतोच. पण तुणतुणं एकटंच ऐकायला कुणी तिकीट काढणार नाही. आणि हे थोड्या सुरांचं व्रत माझ्यासारख्याच्या बाबतीत तर वैराग्य वगैरे काही नाही. मला चौथ्या सुरावर गेल्यावर सावरता येत नाही, म्हणून मी तिसऱ्यावर आहे. वेगानं वाजवणाऱ्या पोरांकडे नाक मुरडून बघणारे लोकही मला आवडत नाहीत. ठाण्यात एका कॅफेत परवा एक मुलगा वाजवत होता, अठरा-एकोणीसचा असेल, बोटं दिसत नव्हती. मी चहा गार होऊ देऊन ऐकलं. मजा आली. त्या वेगातही तो जीवरचा काटा बरोबर टाळत होता.

मध्यंतरी आईची आणि या तीन सुरांची एकदा गाठ पडली. ती माण तालुक्यातली. तिच्या लहानपणी घरात जातं होतं आणि पहाटे तिची आई आणि चुलती दळायला बसायच्या. जात्यावरच्या ओव्या बायकांनी रचल्या किती, याचा थोडाफार अंदाज पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या संग्रहावरून येतो, एक लाखाच्या वर आहेत त्या. आईला त्यांतल्या मूठभर येतात. तिला म्हटलं, एक म्हण. ती लाजली, मग म्हणाली, जात्याबिगर कशी म्हणायची. तरी बसली. गुडघ्याजवळ उजव्या हाताची मूठ धरून गोल फिरवायला लागली, खुंटा धरल्यासारखी, आणि दोन-तीन फेरे नुसतेच फिरवले. दगडाची घरघर तिला ऐकू येत असावी. मग ओवी सुरू झाली. पहिली ओळ जरा वर चढली, दुसरी उतरली, संपली. मूठ फिरतच होती. पुढची ओवी, चाल तीच. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, सगळं त्याच एवढ्याशा चढउतारात. मी बोटांवर मोजलं: सूर तीन, कधी चौथ्याला निसटता स्पर्श.

मी गिटार घेतली. तिचा सा कुठल्याच फ्रेटवर नीट बसेना, म्हणून तारा थोड्या उतरवून तिच्या सा ला लावून घेतल्या. सा मिळाला, खालचा नि मिळाला. गंधार मिळेना. आठव्या फ्रेटवर वाजवला तर तिचा जरा वर, नवव्यावर वाजवला तर तिचा पुष्कळ खाली. तिथे फ्रेटच नाही. गिटारवर असा सूर काढायचा तर आठव्यावर बोट दाबून तार आडवी खेचायची, किंचित. किती किंचित हे सांगायला खूण नसते. तार बोटाच्या टोकाला चरा पाडते, नखाखाली दुखतं, आणि जरा जास्त खेचलं की सूर तिच्या गंधाराला ओलांडून पलीकडे जातो. ब्लूजवाले, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते गाणं वाजवणारे, ज्या गंधारासाठी जीव टाकतात तो थेट याच बोळातला, कोमल आणि शुद्धच्या मधला. दरबारी रागातला कोमल गंधार खालच्या अंगानं झुलतो, हा वरच्या अंगाला रेलतो, पण दोघांनाही एका ठिकाणी खिळून राहणं मंजूर नाही. "आई, तो वरचा सूर जरा धरून ठेव," मी म्हणालो. "त्यो काय धरायचा असतुय?" ती म्हणाली. बोलता बोलता तिची भाषा माणला पोचली होती. "दाणं सरलं की ववी सरती." एक-दोनदा माझा सूर तिच्या सुराला लागला, असं मला वाटलं. तिला तसं काही वाटल्याचं दिसलं नाही. मी मध्येच खणखण करतो म्हणून तिची ओवी चुकत होती. तिनं मूठ सोडली आणि कुकर लावायला गेली.

एकाच सुरात म्हणायचं त्याला आर्चिक, दोनांत गाथिक, तीन सुरांत सामिक, अशी नावं आपल्या जुन्या संगीतग्रंथांत आहेत. राग व्हायला मात्र पाच तरी सूर लागतात, असा नंतरचा दंडक. मालश्रीसारखा एखादा राग सा, ग, प एवढ्यावर उभा राहतो असं सांगतात, पण तो अपवाद म्हणूनच. म्हणजे माझे नि सा ग हा राग नाही, रागाचा उंबरठा आहे. आणि उंबरठाही एकाच घराचा नाही. नि सा ग नंतर मध्यमावरून पंचमाला गेलो की भीमपलास, दुपारची ऊन उतरती वेळ. मध्यमावर ठाण मांडून, पंचम वगळून कोमल धैवताला हात घातला की मालकंस, मध्यरात्र. तीन सुरांपर्यंत दोन्ही एकच. पुढच्या एका पावलानं दिवसाची रात्र होते. मला हे फार आवडायला लागलं होतं, हे अधांतरी असणं, दोन्हीकडचा वास येत राहणं. त्यामुळे ठिपके पुसट व्हायला लागले तेव्हा मी ते स्वतःहूनच पुन्हा गडद केले.

गेल्या आठवड्यात सर म्हणाले, चौथा घे. मी मनात मध्यम धरून गेलो होतो. मध्यम मिळाला तर दोन्ही घरांची दारं उघडी राहतात, असा माझा हिशेब. "डी?" मी विचारलं. सरांनी खडू घेतला आणि तिसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला ठिपका काढला. डी नाही, त्याच्या वरचा. ए हा सा धरला तर तीव्र मध्यम. कोमल नि, कोमल ग आणि मध्ये हा तीव्र मध्यम! मी म्हणालो, सर, असा कुठला राग? सर म्हणाले, "राग नाय रे बाबा, ब्लूज." आणि वर ताकीद दिली की याच्यावर थांबायचं नाही. याच्यावरून जायचं. बोट ठेवलं न ठेवलं असं करून पुढे.

आता गाडी अडलीय ती इथे. इतके दिवस घालवून मी थांबायला शिकलो आणि हा सूर थांबू देत नाही. ए मायनरवर तो कडवट लागतो, पण ऐकवतो. एफवर चक्क शोभतो, तिथे तो कोमल निषाद होतो आणि त्याचा तोराच बदलतो. सीवर तोच कोमल गंधार, सीच्या पोटातल्या शुद्ध गंधाराला चिमटे काढणारा, म्हणजे ब्लूजवाल्यांची आवडती खोडी. जीवर मात्र उघड उघड भांडण होतं, डीच्या उरावर बसतो तो. वेळेत निघायला मला जमत नाही, सवयीनं बोट रेंगाळतं आणि नेमका तेव्हाच ट्रॅक जीवर येतो. सध्या जी येताना दिसला की मी हात उचलतो आणि चार ठोके मोजतो. सरांना हे चालणार नाही, शनिवारी ते ऐकतीलच.